देणाऱ्याचे पुढे काय झाले?

१/२४
डिसेंबर १९५४. अमेरिकेतील बोस्टन शहर, पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालय. शस्त्रक्रियेपूर्वीची शेवटची चर्चा चालू होती आणि डॉक्टरांसमोर २३ वर्षांचा रोनाल्ड हेरिक बसला होता. त्याला स्वतःला कोणताही आजार नव्हता. आजारी होता त्याचा जुळा भाऊ रिचर्ड. रिचर्डची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि रोनाल्डचे एक मूत्रपिंड काढून त्याला बसवायचे, असा बेत ठरत आला होता. चर्चा संपता संपता रोनाल्डने एक साधा प्रश्न विचारला : मूत्रपिंड दिल्यावर आयुष्यभर त्याच्या प्रकृतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का?

२/२४
दात्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. हार्टवेल हॅरिसन यांनी तत्काळ सांगितले की, अर्थातच नाही. पण लगेच त्यांनी उलट विचारले : उद्या तुला मदत लागली, तर या खोलीतला कोणी ती नाकारेल असे तुला वाटते का? रोनाल्ड क्षणभर थांबला आणि काय ते समजला. त्याच्या हाती कायद्याची हमी नव्हती, डॉक्टरांच्या सचोटीवरचा भरवसा तेवढा होता. प्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शल्यविशारदांचे धाडस आणि रुग्णांची जिद्द यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हा धागा तोच इतिहास रोनाल्डच्या प्रश्नाच्या बाजूने सांगतो. रुग्ण किती दिवस जगला याची नोंद पहिल्या दिवसापासून झाली. देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे मोजायला मात्र अनेक दशके लागली.

३/२४
सुरुवात फ्रान्समधील लियाँ शहरापासून करावी लागते. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना या शहरात भोसकण्यात आले. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती आणि ती शिवण्याची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. त्याच शहरात वैद्यकी शिकणाऱ्या ॲलेक्सिस कॅरेल या तरुणाच्या मनात हे शल्य राहिले. अत्यंत बारीक सुया व रेशमी धागे वापरून रक्तवाहिन्यांची टोके जोडण्याची पद्धत त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. या कामासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अवयव एका देहातून काढून दुसऱ्या देहात जोडणे आता हाताच्या आवाक्यात आले. कॅरेलने प्राण्यांवर असे प्रयोग केले, तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली : प्राण्याचे स्वतःचे मूत्रपिंड दुसऱ्या जागी बसवले तर टिकते, परक्याचे बसवले तर काही काळाने नासते.

४/२४
माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसवण्याचा पहिला प्रयत्न १९३३ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधील खेरसन येथे झाला. पाऱ्याचे विष घेतल्यामुळे २६ वर्षांच्या एका स्त्रीची मूत्रपिंडे बंद पडली होती. युरी व्होरोनोय या शल्यविशारदाने डोक्याला मार लागून मरण पावलेल्या ६० वर्षांच्या पुरुषाचे मूत्रपिंड तिच्या मांडीवर जोडले. दोघांचे रक्तगटही जुळत नव्हते. स्त्री दोन दिवसांनी मरण पावली. या प्रसंगात दात्याला धोका नव्हता, कारण तो आधीच मृत होता. पण मृत देहातील अवयव वेगाने खराब होतो. त्यामुळे पुढच्या काळात डॉक्टरांची नजर जिवंत देहाकडे वळणे अटळ होते.

५/२४
परके मूत्रपिंड का नासते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातील भाजलेल्या रुग्णांनी दिले. ग्लासगो येथे थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी एका भाजलेल्या स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. ते गळून पडले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तर ते आणखी लवकर गळाले. शरीराने परक्याला ओळखले होते आणि ती ओळख ध्यानात ठेवली होती. १९४३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. नाकारणे हे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे काम आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढील संशोधनासाठी मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल मिळाले.

६/२४
यानंतरची काही वर्षे कोणाचे मूत्रपिंड घ्यायचे, या शोधाची होती. १९५१ मध्ये पॅरिसमधील शल्यविशारदांनी शिरच्छेद झालेल्या कैद्यांची मूत्रपिंडे वापरली. बोस्टनमध्ये डेव्हिड ह्यूम यांनी १९५१ ते १९५३ दरम्यान जी प्रत्यारोपणे केली, त्यांत मृतांच्या मूत्रपिंडांबरोबर ‘आयती’ मूत्रपिंडेही होती, म्हणजे दुसऱ्या उपचारासाठी ज्यांचे मूत्रपिंड काढावेच लागत होते अशा रुग्णांची. ह्यूम यांच्या एका रुग्णात हे मूत्रपिंड पाच महिन्यांहून अधिक चालले, बाकी बहुतेक लवकर थांबले. या सर्व व्यवहारात एक रेषा मात्र पाळली जात होती. निव्वळ दुसऱ्यासाठी म्हणून निरोगी माणसाच्या पोटावर सुरी चालवली जात नव्हती.

७/२४
ती रेषा एका आईने ओलांडायला लावली. १९५२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये मारियुस रनार हा १६ वर्षांचा सुतारकाम करणारा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडला. फुटलेले मूत्रपिंड काढल्यावर कळले की, त्याला जन्मतः तेवढे एकच होते. आईने स्वतःचे एक मूत्रपिंड देण्याचा आग्रह धरला. नेकेर रुग्णालयात ज्यां आंबुर्जे यांच्या पथकाने नाताळच्या रात्री ते बसवले. सुमारे तीन आठवडे मूत्रपिंडाने उत्तम काम केले. मग एकाएकी ते थांबले आणि काही दिवसांत मुलगा गेला. मारियुसचे ते तीन आठवडे वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात येतात. एक मूत्रपिंड आणि मुलगा दोन्ही गमावून घरी परतलेल्या आईचे पुढचे आयुष्य त्या इतिहासांत क्वचितच आढळते.

८/२४
हेरिक बंधूंच्या बाबतीत पारडे वेगळे होते. ते एकाच बीजापासून झालेले जुळे असतील, तर रिचर्डचे शरीर रोनाल्डच्या मूत्रपिंडाला परके मानणार नव्हते. हे तपासण्यासाठी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला आणि तो टिकला. दोघांच्या बोटांचे ठसेही पोलिसांकडून ताडून घेतले गेले. तिथूनच बातमी वृत्तपत्रांना लागली. शास्त्राच्या बाजूने शंका फारशी उरली नव्हती. शंका होती ती नीतीची. इजा करू नये, ही वैद्यकाची जुनी शपथ. निरोगी माणसाला त्याच्या स्वतःच्या कोणत्याही शारीरिक लाभाविना मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे नेणे त्या शपथेत कसे बसवायचे? पथकाने धर्मगुरूंचाही सल्ला घेतला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने चिठ्ठी पाठवून भावाला निघून जायला सांगितले. इथेच थांबणार, असे रोनाल्डने उलट कळवले.

९/२४
२३ डिसेंबर १९५४ रोजी हॅरिसन यांनी रोनाल्डचे मूत्रपिंड काढले आणि जोसेफ मरे यांनी ते रिचर्डला बसवले. रक्तपुरवठा सुरू होताच मूत्र वाहू लागले. शस्त्रक्रिया सुमारे साडेपाच तास चालली. रिचर्ड घरी गेला, त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी त्याचे लग्न झाले, त्यांना दोन मुली झाल्या. पुढे मूळ विकार नव्या मूत्रपिंडातही उद्भवला आणि १९६३ मध्ये हृदयविकाराने रिचर्डचा मृत्यू झाला. आठ वर्षांचे आयुष्य त्याला मिळाले होते. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला आणि २०१० च्या डिसेंबरात वयाच्या ७९ व्या वर्षी मरण पावला. जोसेफ मरे यांना १९९० चे नोबेल मिळाले, तेव्हा रोनाल्ड हयात होता.

१०/२४
पहिल्या यशानंतर जुळ्यांची रांग लागली. त्यांतील एक महत्त्वाची जोडी ओक्लाहोमाची. १९५६ मध्ये एडिथ हेल्म हिला तिची जुळी बहीण वांडा फॉस्टर हिचे मूत्रपिंड बसवण्यात आले. दोन वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, एडिथला मूल झाले. अवयव प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीने मूल जन्माला घालण्याचा जगातील हा पहिला प्रसंग. एडिथ २०११ पर्यंत जगली. या घटनेने ‘यश’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. रुग्ण किती महिने तगला, याबरोबरच तो कसे आयुष्य जगला, हेही मोजण्याजोगे ठरले. देणाऱ्या बहिणीबद्दल तसा प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र अजून रूढ झाली नव्हती.

११/२४
लवकरच अल्पवयीन जुळे पुढे आले आणि प्रश्न न्यायालयात गेला. संमती देण्याचे वय नसलेल्या निरोगी मुलाचे मूत्रपिंड काढता येईल का? १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. तिचे कारण लक्षणीय होते : आजारी भावंड दगावले तर निरोगी भावंडाला जन्माचा मानसिक आघात बसेल, म्हणून दान हे दात्याच्याही हिताचे आहे. कायद्याने दात्याच्या लाभाची भाषा प्रथम वापरली ती येथे. ही भाषा दुधारी होती. तिने दात्याच्या मनाची दखल घेतली, पण नकार देणाऱ्या भावंडावर किती ओझे येईल, हा विषय तिने बाजूला ठेवला.

१२/२४
जुळे भावंड फार थोड्यांनाच असते. बाकीच्यांसाठी शरीराचा नकार मोडून काढणे आवश्यक होते. प्रथम संपूर्ण शरीरावर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला. बहुतेक रुग्ण संसर्गाने मेले. मग औषधांकडे लक्ष वळले. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी कर्करोगासाठी घडवलेल्या औषधांवर इंग्लंडचे तरुण शल्यविशारद रॉय काल्न यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि त्यांतून ॲझाथायोप्रिन पुढे आले. १९६२ मध्ये मरे यांच्या पथकाने नाते नसलेल्या मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवले आणि ते वर्षाहून अधिक काळ चालले. जुळ्यांच्या कुंपणाबाहेर पडलेले हे महत्त्वाचे पाऊल. हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

१३/२४
१९६३ च्या सप्टेंबरात या क्षेत्रातील मोजके लोक वॉशिंग्टनमध्ये जमले आणि प्रथमच सगळ्यांचे आकडे एकत्र मांडले गेले. चित्र भयंकर होते. जुळे वगळता तोवरच्या बहुतेक रुग्णांचा मृत्यू काही महिन्यांतच झाला होता. त्यात डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांचे आकडे वेगळे निघाले. ॲझाथायोप्रिनला प्रेडनिसोनची जोड दिल्यावर त्यांचे बहुसंख्य रुग्ण वर्षभर जगले होते. या बैठकीनंतर प्रत्यारोपणांची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिचा विषय होता रुग्ण आणि बसवलेले मूत्रपिंड. त्याच सुमारास कोलोरॅडोच्या तुरुंगातील कैदीही ‘स्वयंसेवक’ दाते म्हणून मूत्रपिंडे देत होते. बंदिवासातील संमती कितपत मोकळी असते, या प्रश्नावरून पुढे ती प्रथा थांबली.

१४/२४
३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बसवले. लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले आणि जगभर लाट उसळली. मुंबईही त्यात मागे नव्हती. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बसवले, परंतु रुग्ण काही तासांतच दगावला. त्या एका वर्षात जगात सुमारे शंभर हृदये बसवली गेली आणि बहुतेक रुग्ण लवकरच मरण पावले. पुढे बहुतांश केंद्रांनी हे काम थांबवले. हृदय जिवंत माणूस देऊ शकत नाही, म्हणून मृत्यूची व्याख्याच चर्चेत आली. ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदू कायमचा बंद पडणे हा मृत्यूचा निकष मांडला. मृत दात्याला कायद्याच्या चौकटीत जागा मिळण्याचा मार्ग येथून सुरू झाला.

१५/२४
रुग्णांच्या बाजूचे पुढचे वळण नॉर्वेच्या मातीतून आले. तेथील पठारावरून आणलेल्या मातीच्या नमुन्यातील बुरशीत एक द्रव्य सापडले. स्वित्झर्लंडच्या बाझल येथे ज्यां-फ्रान्स्वा बोरेल यांनी त्याचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम ओळखला आणि १९७८ मध्ये काल्न यांनी ते रुग्णांना दिले. हेच सायक्लोस्पोरिन. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मृत दात्यांची मूत्रपिंडे वर्षभर टिकण्याचे प्रमाण पूर्वी साधारण निम्म्याच्या आसपास होते, ते ८० टक्क्यांच्या पुढे गेले. यकृत आणि हृदय यांची प्रत्यारोपणेही पुन्हा जोमाने सुरू झाली. औषधाची किंमतही होती : ज्या मूत्रपिंडाला ते वाचवी, त्यालाच दीर्घकाळात ते इजा करी. रुग्णाचे यश जितके वाढले, तितकी अवयवांची मागणी वाढली आणि रांग लांबत गेली.

१६/२४
या सबंध काळात हजारो निरोगी माणसे मूत्रपिंड देऊन घरी गेली होती. रुग्णाला आयुष्यभर औषधे लागतात, म्हणून तो रुग्णालयात परत येतो आणि त्याची कागदपत्रे वाढत जातात. दाता टाके निघाले की बरा होतो, कामावर जातो, गाव बदलतो. त्याला बोलावण्याचे कारण उरत नाही. त्याची फाइल तिथेच संपते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. दप्तरात ज्याचे काम पुन्हा पुन्हा पडते, त्याची नोंद राहते. ज्याने एकदा देऊन पाठ फिरवली, तो दप्तराबाहेर जातो. नोंद नाही म्हणजे त्रास नाही, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. उलट १९८० च्या दशकारंभी प्राण्यांवरील प्रयोगांतून शंका निघाली होती की, उरलेल्या मूत्रपिंडावर दुप्पट भार पडून ते दमत जात असेल.

१७/२४
ही शंका तपासायची तर जुने दाते शोधायला हवे होते. स्वित्झर्लंडमध्ये १९९३ पासून प्रत्येक जिवंत दात्याची आयुष्यभर नोंद ठेवणारी वही सुरू झाली. स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९६४ पासूनच्या ४३० दात्यांचा माग काढला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सुखद होता. २० वर्षांनंतर ८५ टक्के दाते हयात होते, तर त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ६६ टक्के अपेक्षित होते. मूत्रपिंड दिल्याने माणूस अधिक जगतो, असा अर्थ त्यातून निघत होता काय? जगभरच्या रुग्णालयांत हे आकडे दात्यांना धीर देण्यासाठी सांगितले जाऊ लागले.

१८/२४
येथे एक सापळा होता. दाता होण्यापूर्वी माणसाची कसून तपासणी होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेले आधीच वगळले जातात. म्हणजे दाते हा समाजातील सर्वांत निरोगी लोकांचा वेचलेला गट असतो. त्यांची तुलना आजारी-निरोगी सगळ्यांच्या सरासरीशी केली, तर ते सरस ठरणारच. तालमीतल्या पहिलवानाची तुलना रस्त्यावरच्या गर्दीशी करून तालमीने आयुष्य किती वाढते हे सांगण्यासारखे ते होते. योग्य प्रश्न वेगळा होता : याच निरोगी माणसांनी मूत्रपिंड दिले नसते, तर त्यांचे काय झाले असते? त्यासाठी तितकीच निरोगी, पण दान न केलेली माणसे तुलनेला घ्यावी लागणार होती.

१९/२४
२००९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९६३ ते २००७ दरम्यानच्या ३,६९८ दात्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांइतकेच होते आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेले दाते ११ निघाले. दिलासा मोठा होता, पण तुलनेचा जुना पेच पुरता सुटलेला नव्हता. तो २०१४ मध्ये सोडवला गेला. नॉर्वेतील अभ्यासाने १,९०१ दात्यांसमोर दान करण्यास पात्र ठरले असते असे ३२,६२१ लोक ठेवले. अमेरिकेतील अभ्यासाने १९९४ ते २०११ मधील ९६,२१७ दाते घेतले आणि त्यांची तुलनाही निरोगी लोकांशी केली. दोन्हीकडे उत्तराची दिशा एकच निघाली.

२०/२४
अमेरिकी अभ्यासातील ९६,२१७ दात्यांपैकी ९९ जणांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली. आयुष्यभराचा अंदाज काढला, तर १०,००० दात्यांमागे ९० जणांवर ही वेळ येईल. दान न केलेल्या तितक्याच निरोगी लोकांत हा आकडा १४, तर न निवडलेल्या सर्वसाधारण लोकसंख्येत ३२६. हे तिन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. ९० हे ३२६ पेक्षा बरेच कमी, म्हणून दाते सुरक्षित, असे जुनी तुलना सांगत होती. ९० हे १४ पेक्षा बरेच जास्त, म्हणून दानाची खरी किंमत आहे, असे नवी तुलना सांगते. धोका लहान आहे, पण तो शून्य नाही. ६० वर्षांपूर्वी रोनाल्डने विचारलेल्या प्रश्नाला आकड्यांचे उत्तर २०१४ मध्ये मिळाले.

२१/२४
शस्त्रक्रियेचा तात्काळ धोकाही मोजला गेला. १९९४ ते २००९ मधील ८०,३४७ अमेरिकी दात्यांपैकी २५ जण शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत मरण पावले, म्हणजे १०,००० मागे सुमारे ३. दरम्यान पद्धतही बदलली. पूर्वी बरगडीखाली लांब छेद घ्यावा लागे आणि दाता कित्येक आठवडे वेदना सोसत असे. १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने दात्याचे मूत्रपिंड काढण्यात आले आणि जखम लहान झाली. यकृताचा भाग देणाऱ्यांचा धोका मात्र मूत्रपिंडदात्यांपेक्षा मोठा राहिला. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भावाला यकृताचा भाग देणारा एक माणूस शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांत मरण पावला आणि दात्याच्या देखभालीचे नियम कडक करावे लागले.

२२/२४
पाश्चात्त्य देशांतील हे दाते बहुतेक नातलग होते. भारतात ‘दाता’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला होता, तर १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. सायक्लोस्पोरिन आल्यावर नात्याबाहेरचे मूत्रपिंडही टिकू लागले आणि १९८० च्या दशकात देशात मूत्रपिंडांचा उघड बाजार उभा राहिला. गिऱ्हाईक देशातलेही होते, परदेशातलेही. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यूला मान्यता दिली. हा कायदा प्रथम ज्या राज्यांना लागू झाला, ती होती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश.

२३/२४
विकणाऱ्यांचे पुढे काय झाले? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेन्नईतील ३०५ जणांना हे विचारण्यात आले. मूत्रपिंड विकून त्यांना सरासरी सहा वर्षे झाली होती. त्यांपैकी ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी विक्री केली होती आणि सरासरी १,०७० डॉलर मिळाले होते. सहा वर्षांनी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलेले होते. कर्जापायी विकणाऱ्यांतील बहुतांश लोक अजूनही कर्जातच होते. ८६ टक्क्यांनी प्रकृती ढासळल्याचे सांगितले. दुसऱ्या कोणाला असे करण्याचा सल्ला देणार नाही, असे ७९ टक्के म्हणाले. ज्यांचे मूत्रपिंड विकत घेतले गेले त्यांची फाइल सर्वांत लवकर बंद झाली होती. ती कोणीतरी दारोदार जाऊन उघडली, तेव्हा बाजाराचा ‘दोघांचाही फायदा’ हा दावा टिकला नाही.

२४/२४
आज भारतातील बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात. देणाऱ्यांत आई, पत्नी, बहीण अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे चित्र येथील अभ्यास वारंवार दाखवतात. कागदावर ते सारे स्वेच्छादान असते. घरातील संमती कशी तयार होते, हे १९५७ च्या न्यायालयानेही विचारले नव्हते. तरी थोडे बदलले आहे. अमेरिकेत १९९६ पासून पूर्वी मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीवर स्वतःलाच मूत्रपिंडाची गरज पडण्याची वेळ आली, तर तिला प्रतीक्षायादीत अग्रक्रम मिळतो. त्या खोलीतल्या माणसांच्या शब्दावर जे सोडले होते, त्यातला एक भाग ४२ वर्षांनी नियम झाला. उरलेला भाग नोंदवहीचा आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णामागे एक दुसरे नाव असते. त्या नावापुढे दहा आणि वीस वर्षांनंतर काही लिहिले जाते का, यावरून त्या समाजाने रोनाल्डला काय उत्तर दिले, ते ठरते.